जुनी वस्तू ऑनलाइन विकताना पैसे कुठे हातचे जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना फोन, कॅमेरा, सायकल किंवा सोफा विकायला काढला की पहिली काळजी असते ती घेणारा मिळेल का याची. बरेचदा तो लगेच मिळतो, भाव न करता तयार होतो, आणि अडचण तिथूनच सुरू होते. विकणाऱ्यांना पैशांच्या बाबतीत नेहमी पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगतो. पैसे आल्याचे दिसणे, ते खात्यात जमा होणे आणि परत न जाण्याइतके आपले होणे, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. कधी तिन्ही एकाच क्षणी पार पडतात, तर कधी पहिली आणि तिसरी यांच्यामध्ये महिने जातात. वस्तू मात्र एकदा दाराबाहेर गेली की गेली. भामट्याचे सगळे कसब या फटीत असते.

मी तर विकतोय, पैसे मलाच मिळायचे आहेत. मग फसवणूक माझी कशी होणार?

तीन तऱ्हांनी. पहिलीत वस्तू जाते आणि पैसे येतच नाहीत. दुसरीत वस्तू जाते, पैसे येतात आणि काही दिवसांनी परत जातात. तिसऱ्या तऱ्हेत वस्तू तुमच्याकडेच राहते, पण खाते रिकामे होते. समोरच्याला तुमचा सोफा कधी नकोच होता.

ही तिसरी तऱ्हा लोकांच्या ध्यानात येत नाही, कारण विकणारा पैशांची वाट बघत असतो. 'तुमच्या खात्यात रक्कम येत आहे, इथे दाबा' असा मेसेज एरवी आपण न वाचताच पुसून टाकतो. जाहिरात टाकली त्या संध्याकाळी तोच मेसेज अगदी अपेक्षित वाटतो. शिवाय फोन नंबर, राहण्याचा परिसर, वस्तूची किंमत आणि 'लवकर विकायचे आहे' ही घाई, असा सगळा तपशील जाहिरातीत आपणच लिहिलेला असतो.

घेणाऱ्याने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. वस्तू द्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. स्क्रीनशॉट हे फक्त चित्र आहे. त्यातली रक्कम आणि तारीख बदलायला दोन मिनिटे पुरतात. त्याही पुढची गोष्ट म्हणजे खऱ्या पेमेंट ॲपची हुबेहूब नक्कल करणारी ॲप असतात. तुमचे नाव आणि रक्कम टाकली की त्यात हिरवी खूण, व्यवहार क्रमांक आणि वेळ असे सगळे उमटते. त्यामुळे समोर उभ्या माणसाने स्वतःचा फोन तुमच्यापुढे धरला तरी त्याने काहीच सिद्ध होत नाही. पैसे मिळाल्याची खात्री नेहमी आपल्या फोनवर करायची, देणाऱ्याच्या फोनवर कधीच नाही.

कधीकधी स्क्रीनशॉट खराही असतो, पण तो पुढच्या तारखेला लावून ठेवलेल्या व्यवहाराचा असतो. वस्तू ताब्यात आली की तो व्यवहार रद्द होतो.

'तुमच्या बँकेचा सर्व्हर बंद आहे, थोड्या वेळात येतील' हे वाक्य हमखास ऐकू येते. ते खरेही असू शकेल. मग वस्तूही थोड्या वेळानेच द्या. खरा घेणारा कुरकुरत का होईना, थांबतो. 'बाहेर गाडी उभी आहे', 'माझा विश्वास नाही का?' अशी भाषा सुरू झाली तर थांबण्याला आणखी एक कारण मिळाले.

बँकेचा मेसेज आलाय, तोही बँकेच्या नेहमीच्या मेसेजांखाली. तो तरी खरा असेल?

खात्री नाही. एसएमएस पाठवणाऱ्याचे नाव बनावट करता येते, आणि फोन तर निव्वळ नावावरूनच मेसेज एकत्र लावतो. म्हणून नकली मेसेज खऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. ईमेलचेही तसेच. पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचे नाव दिसते, मागचा पत्ता भलताच असतो.

एका ठरावीक ईमेलबद्दल वेगळे सांगायला हवे. त्यात लिहिलेले असते : 'तुमची रक्कम आमच्याकडे आली आहे. पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक दिलात की ती मोकळी होईल.' यात अर्धसत्य आहे, म्हणूनच लोक फसतात. पेपालसारख्या ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याच्या सेवा नव्या विक्रेत्याचे पैसे खरोखरच काही काळ रोखून ठेवतात. पण रोखलेली ती रक्कम तुमच्या खात्यात शिरल्यावर तिथेही 'रोखलेली' म्हणून दिसते. जी रक्कम फक्त ईमेलमध्ये आहे आणि खात्यात कुठेच नाही, ती कोणी पाठवलेलीच नाही.

अशा वेळी मेसेजमधल्या लिंकला हात न लावता बँकेचे ॲप स्वतः उघडा आणि शिल्लक किती वाढली ते बघा. नोंदीपुढे 'प्रलंबित' लिहिले असेल तर ते पैसे अजून तुमचे नाहीत.

'मी क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील' असे घेणारा म्हणतोय. करू का?

नाही. जो स्कॅन करून पिन टाकतो तो पैसे देतो. पिन म्हणजे 'माझ्या खात्यातून काढा' या हुकुमावरची सही आहे, आणि पैसे घ्यायला असली सही लागत नाही. कोड दाखवायचाच असेल तर तो तुम्ही तुमचा दाखवायचा आणि समोरच्याने स्कॅन करायचा.

हे बहुतेकांना माहीत असते, तरीही फसवणूक होते, कारण ती एका झटक्यात होत नाही. आधी अगदी किरकोळ रकमेचा कोड येतो. तुमच्या खात्यातून ते थोडे पैसे जातात आणि लगेच दुप्पट परत येतात. 'बघा, आले ना?' मग मोठ्या रकमेचा कोड येतो. तो माणूस सगळा वेळ फोनवर बोलत राहतो, म्हणजे स्क्रीनवर 'पैसे द्या' असे लिहिलेले असते ते तुम्ही सावकाश वाचू नये. या प्रकारात मला सगळ्यात घातक वाटतो तो कोड नाही, तो चालू ठेवलेला फोन. फोन ठेवून मग स्क्रीन वाचली, तर निम्मे लोक तिथेच सावध होतील.

यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैशांची मागणी पाठवायची सोय अशाच फसवणुकींमुळे ऑक्टोबर २०२५पासून बंद करण्यात आली. व्यापारी खात्यांकडून येणारी मागणी आणि क्यूआर कोड मात्र आहेतच. तेव्हा वाट अरुंद झाली आहे, बंद झालेली नाही.

याचाच चुलतभाऊ म्हणजे 'तुम्हाला जमत नाहीये, मी मदत करतो' असे म्हणत एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर हे आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे ॲप टाकायला लावणारा. ही ॲप मुळात प्रामाणिक कामासाठी आहेत, पण अनोळखी माणसाला आपली स्क्रीन दाखवली की येणारा प्रत्येक ओटीपी त्यालाही दिसतो.

चुकून जास्त पैसे पाठवले म्हणतोय, आणि वरचे परत मागतोय. परत करणे हाच प्रामाणिकपणा नाही का?

प्रामाणिकपणा दाखवायचाच, पण बँकेमार्फत. हा सापळा तुमच्या भलेपणावरच बेतलेला आहे.

त्याचे तीन अवतार दिसतात. पहिल्यात पैसे आलेलेच नसतात, फक्त बनावट मेसेज आलेला असतो, आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून 'परत' करता. दुसऱ्यात पैसे खरे असतात, पण चोरलेल्या कार्डावरून किंवा हॅक केलेल्या खात्यातून आलेले. मूळ मालकाने तक्रार केली की पूर्ण रक्कम परत जाते, आणि तुम्ही 'परत' केलेला भाग वेगळ्याच खात्यात गेलेला असतो. तिसऱ्यात घेणारा स्वतःच आधी सांगतो : 'मी परगावी आहे, सामान न्यायला वाहतूकवाला येईल, त्याचेही पैसे तुमच्याच खात्यात टाकतो, तेवढे त्याला पुढे द्या.' तो वाहतूकवाला त्याचाच माणूस असतो, किंवा वाहतूकवाला नसतोच.

अमेरिकेत झेल या पैसे पाठवण्याच्या सेवेच्या नावाने एक वेगळी तऱ्हा चालते. ईमेल येते, 'तुमचे खाते साधे आहे, व्यावसायिक करायला घेणाऱ्याने जादा रक्कम भरली आहे, ती त्याला परत करा.' झेल अशी ईमेल पाठवत नाही आणि मधला कोणताही पैसा अस्तित्वात नसतो.

पैसे खरेच जास्त आले असतील तर ते खर्च करू नका आणि नवा व्यवहार करून परतही पाठवू नका. आपल्या बँकेला कळवा आणि समोरच्याला त्याच्या बँकेकडे चूक नोंदवायला सांगा. पेपालसारख्या ठिकाणी त्याच व्यवहारावरचे 'परतावा' बटण वापरा, म्हणजे पैसे आले त्याच वाटेने जातील. खरोखर चूक झालेल्या माणसाला यात अडचण वाटत नाही. भामट्याला वाटते, कारण त्याला आलेल्या वाटेने पैसे नकोच असतात.

चेक खात्यात जमा दिसतोय. म्हणजे वटला ना?

तसे नाही. चेक प्रत्यक्ष वटण्याआधीच त्याची रक्कम खातेदाराला वापरू देण्याची पद्धत काही देशांत आहे. अमेरिकेत तर बँकांवर तशी कायदेशीर मुदतच आहे. बनावट चेक उघडकीला यायला त्यानंतर कितीतरी दिवस, कधी आठवडेही लागतात. मग बँक ती रक्कम तुमच्याच खात्यातून वळती करून घेते, मधल्या काळात तुम्ही ती खर्च केली असली तरी. बँकेने स्वतः काढलेल्या चेकचीही हुबेहूब नक्कल होते, त्यामुळे 'हा बँकेचा चेक आहे' या शब्दांनी सैल होऊ नका. माझे मत विचाराल तर जुन्या वस्तूपोटी अनोळखी माणसाचा चेक घेऊच नये. इतके दुसरे मार्ग असताना जो चेकवरच अडून बसतो, त्याचे कारण बहुधा तुमच्या सोयीचे नसते.

पैसे रीतसर आले, वस्तू गेली, आणि महिन्याभराने पैसे परत गेले. असे कसे होऊ शकते?

याला चार्जबॅक म्हणतात. कार्डावरून झालेल्या व्यवहारावर कार्डधारक आपल्या बँकेकडे हरकत घेऊ शकतो. 'हा व्यवहार मी केलाच नाही', 'वस्तू मिळाली नाही', 'सांगितली तशी नव्हती' ही त्याची नेहमीची कारणे. विझा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच प्रकारच्या तक्रारींसाठी ही मुदत साधारण १२० दिवसांची आहे. पेपालवर घेणारा पैसे भरल्यापासून १८० दिवसांपर्यंत वाद उभा करू शकतो.

ही सोय ग्राहकाच्या रक्षणासाठी आहे आणि ती असायलाच हवी. पण तिचा गैरफायदा दोन जण घेतात. एक, चोरलेले कार्ड वापरणारा. तिथे हरकत घेणारा खरा मालक बिचारा बरोबरच असतो, आणि तोटा तुमच्या माथी येतो. दुसरा म्हणजे वस्तू व्यवस्थित मिळूनही 'मिळाली नाही' म्हणणारा. या दुसऱ्याशी लढता येते, पण पुरावा लागतो. व्यवहारात नोंदवलेल्या पत्त्यावर वस्तू पोचल्याची कुरिअरची नोंद तुमच्याकडे हवी.

इथेच एक गंमत होते. हातोहात वस्तू देणे एरवी सगळ्यात सुरक्षित, पण घेणाऱ्याने पेपालवरून पैसे भरून वस्तू प्रत्यक्ष येऊन नेली, तर पोचल्याची कुरिअर नोंद नसते. मग 'मिळाली नाही' या तक्रारीपुढे तुम्ही रिकाम्या हाताने उभे राहता. वस्तू हातोहात द्यायची असेल तर पैसेही असे घ्या की ज्यांवर नंतर वाद काढता येणार नाही. आणि पेपालच्या 'मित्र-कुटुंबीय' या प्रकाराने पैसे आले म्हणजे ते परत जाणार नाहीत, असेही समजू नका. देणाऱ्याचे खाते किंवा कार्ड चोरीचे निघाले तर तेही उलटतात, आणि विक्रेत्याला मिळणारे संरक्षण तिथे लागू होत नाही.

मग थेट बँक ट्रान्सफर सगळ्यात पक्का?

बऱ्याच अंशी. तत्काळ होणारे व्यवहार, उदाहरणार्थ युरोपातले दहा सेकंदांत पोचणारे किंवा यूपीआय, देणाऱ्याला मनात आले म्हणून मागे घेता येत नाहीत. जुन्या वस्तूसाठी आपल्या खात्यात दिसलेला असा व्यवहार हा मला चांगला मार्ग वाटतो.

एक अपवाद मात्र मोठा आहे. पैसे चोरीचे असतील तर पोलीस किंवा बँक तुमचे खाते किंवा तेवढी रक्कम गोठवू शकतात. यातूनच पुढचा प्रश्न निघतो.

पैसे आले, पण पाठवणाऱ्याचे नाव घेणाऱ्याचे नाही. 'भावाच्या खात्यातून टाकलेत' म्हणतोय.

इथे जरूर थांबा. या विषयातला हा सगळ्यात चलाख प्रकार आहे, कारण यात पैसे खरोखर येतात.

समजा तुम्ही कॅमेरा विकताय. भामटा तुमचेच फोटो उचलून दुसरीकडे तीच जाहिरात टाकतो, जरा स्वस्तात. तिथे त्याला एक खरा ग्राहक भेटतो. तुमच्याशी तो घेणारा म्हणून बोलतो, त्या ग्राहकाशी विकणारा म्हणून. ग्राहकाने पैसे कुठे भरायचे विचारले की तो तुमचा खाते क्रमांक देतो. पैसे तुमच्या खात्यात येतात, तुम्ही समाधानाने कॅमेरा भामट्याच्या हाती देता, आणि तो निघून जातो. तिकडे ग्राहक कॅमेऱ्याची वाट बघून थकतो आणि पोलिसांत जातो. तक्रारीत खाते कोणाचे? तुमचे. भामट्याचे नाव कुठेच नाही. त्याने कोणाला एक पैसाही दिलेला नसतो आणि कॅमेरा त्याच्याकडे असतो.

म्हणून पैसे देणाऱ्याचे नाव आणि वस्तू न्यायला आलेल्याचे नाव जुळायला हवे. भाऊ असेल तर भावाशी बोलू दे. 'तुम्ही नेमके काय विकत घेतले आणि कोणाकडून?' एवढे पैसे देणाऱ्याला विचारले तरी बिंग फुटते. समाधान झाले नाही तर बँकेला सांगून पैसे आले तिथे परत पाठवायला लावा आणि वस्तू देऊ नका. जाहिरातीतल्या फोटोंवर मधोमध आपले नाव आणि तारीख टाकली तर ते फोटो दुसरीकडे वापरणे अवघड होते. दिसायला थोडे वाईट दिसते, चालते.

'कुरिअर कंपनी पैसे घेऊन येईल, या लिंकवर फक्त कार्डाचा तपशील भरा' अशी लिंक आली आहे.

भरू नका. घेणारा म्हणतो की त्याने पैसे एका सुरक्षित सेवेकडे ठेवले आहेत आणि ते स्वीकारायला तुम्ही लिंकवर जायचे. ते पान तुम्ही जाहिरात दिली त्याच साइटसारखे दिसते, त्यावर तुमच्याच वस्तूचा फोटो आणि किंमत असते. म्हणून विश्वास बसतो.

ही पाने हाताने बनवलेली नसतात. ग्रुप-आयबी या सुरक्षा कंपनीने 'क्लासिस्कॅम' नावाने नोंदवलेल्या या उद्योगात टेलिग्रामवरचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, जाहिरातीच्या पत्त्यावरून क्षणात नकली पान तयार करून देतो. २०१९मध्ये दिसू लागलेला हा प्रकार रशियातून निघून युरोपभर पसरला. आधी घेणारे फसायचे, पुढे मोर्चा विकणाऱ्यांकडे वळला. अशाच एका बॉटचा तपशील ईसेट कंपनीने २०२३मध्ये मांडला. त्या टोळ्यांच्या बोलीत सावजाला 'मॅमथ' म्हणतात. पान बनवणारा वेगळा, बोलणारा वेगळा, पैसे काढणारा वेगळा आणि वाटा ठरलेला. समोरचा 'घेणारा' एकटा नसतो, हे त्याच्याशी हुज्जत घालताना ध्यानात असू द्या.

पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह होते, म्हणून लिंक खरी मानली, असे बरेच जण सांगतात. ते कुलूप फक्त तुमचा फोन आणि ते पान यांच्यामधली देवाणघेवाण सांकेतिक रूपात होत असल्याचे सांगते, पलीकडे कोण बसलाय ते नाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढून टाकले.

पैसे घ्यायला कार्डाचा मागचा तीन आकडी क्रमांक किंवा ओटीपी कधीही लागत नाही. साइटची स्वतःची पेमेंट सोय वापरायची असेल तर तिच्या ॲपमध्ये स्वतः जा. 'एस्क्रो' म्हणजे मध्यस्थाकडे पैसे ठेवण्याची सेवा खरी असते, पण ती तुम्ही निवडलेली असावी, समोरच्याने पाठवलेली नाही.

'तुम्ही खरे आहात ना, हे बघायला सहा आकडी कोड पाठवलाय, तो सांगा.' सांगू का?

सांगू नका. तो कोड तुमची परीक्षा घ्यायला आलेला नसतो. तुमच्या नंबरावर व्हॉट्सॲप किंवा गूगल व्हॉइस या इंटरनेटवरून फोन करण्याच्या सेवेचे खाते उघडायला तो आलेला असतो. कोड मिळाला की त्या खात्यावरून तो पुढच्यांना फसवतो, आणि नंबर तुमचा असतो.

पैसे घ्यायला खाते क्रमांक तर द्यावाच लागतो. त्याचा धोका नाही?

सहसा नाही, पण 'त्याने काहीच होत नाही' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी एक किस्सा आहे. ब्रिटनमधले दूरचित्रवाणीवरचे सूत्रधार जेरेमी क्लार्कसन यांनी हेच सिद्ध करायला आपला खाते क्रमांक वर्तमानपत्रात छापला. जानेवारी २००८मध्ये त्यांनीच कळवले की कोणीतरी त्यांच्या खात्यातून ५०० पाउंड एका मधुमेहविषयक संस्थेला परस्पर दान केले. तिथे खात्यातून थेट रक्कम वळती करण्याची सोय आहे आणि कोणीतरी तीच वापरली. तेव्हा क्रमांक द्या, पण जाहिरातीत छापू नका. जमल्यास विक्रीसाठी कमी शिल्लक असलेले वेगळे खाते ठेवा. पिन, पासवर्ड, ओटीपी आणि ओळखपत्राचे फोटो मात्र कोणालाच नाहीत. तो आपल्या ओळखपत्राचा फोटो आधी पाठवतो तेव्हा संकोच वाटतो. पण ते ओळखपत्र बहुधा त्याने फसवलेल्या आधीच्या माणसाचे असते.

वस्तू पार्सलने पाठवायची आहे. काय सांभाळू?

पत्ता व्यवहारात नोंदवलेलाच वापरा. पैसे भरल्यावर 'आता दुसऱ्या पत्त्यावर पाठवा' म्हणाला तर व्यवहार रद्द करून नव्या पत्त्यासह पुन्हा करायला सांगा, नाहीतर वाद झाल्यावर तुमची पोचनोंद निरुपयोगी ठरते. घेणाऱ्याने स्वतः पाठवलेले कुरिअरचे लेबल वापरू नका. ते त्याच्या नावावर असते, त्यामुळे वाटेत पत्ता बदलणे त्याच्या हातात राहते. कुरिअर स्वतः निवडा आणि महागड्या वस्तूला पोच-सही घ्या.

पार्सल भरताना एकाच सलग व्हिडिओत वस्तू, तिचा अनुक्रमांक, पॅकिंग आणि चिकटवलेले लेबल येऊ दे. फोन असेल तर त्याचा १५ आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, टिपून ठेवा. 'बिघडलेली निघाली' म्हणून परत आलेली वस्तू तुमचीच आहे की घेणाऱ्याकडची जुनी, हे त्यावरूनच ठरते.

रोख घेणे बरे?

लहान व्यवहाराला उत्तम, परत जात नाही. नोटा नकली असू शकतात, म्हणून उजेडात, शक्यतो बँकेच्या आवारात मोजून घ्या. मोठी रक्कम घेऊन एकटे फिरू नका.

क्रिप्टोमध्ये पैसे देतो म्हणतोय.

तुम्हाला त्यातले कळत नसेल तर नको. कळत असेल तर माहीतच असेल की प्रसिद्ध नाण्याच्या नावाचे बनावट टोकन कोणीही काढू शकतो, आणि बिटकॉइनचा मोठा व्यवहार नेटवर्ककडून सहा पुष्ट्या (कन्फर्मेशन) मिळाल्यावर, म्हणजे साधारण तासाभराने, पक्का मानण्याची रूढी आहे.

जुना फोन विकतोय. त्याचा पैशांशी काही संबंध?

आहे. सिम काढा, पेमेंट ॲपमधून खाते बंद करा, गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा आणि मगच फोन पूर्ण पुसा. पुसणे शेवटी, हा क्रम महत्त्वाचा आहे.

असा माणूस आधीच ओळखता येतो का?

भाषेवरून नाही. नीट, सभ्य मराठी लिहिणारे भामटेही आहेत आणि त्रोटक, उद्धट लिहिणारे प्रामाणिक गिऱ्हाईकही. गणवेशातला फोटो, बदलीमुळे घाई, आजारी आई, यांनीही काही ठरत नाही.

मी तीन गोष्टी बघतो. वस्तूबद्दल तो काही विचारतो का? खरा घेणारा बॅटरी किती टिकते, ओरखडे कुठे आहेत, कमी करणार का, असले प्रश्न विचारून हैराण करतो. न बघता, भाव न करता 'घेतले, आता पैसे पाठवतो' म्हणणाऱ्याचे लक्ष वस्तूवर नाही. दुसरे, पैसे देण्याची रीत तो ठरवतो की तुम्ही? एका मार्गाला नाही म्हटले की तो दुसरा स्वीकारतो का, की त्याच लिंकवर परत परत येतो? तिसरे, साइटवरचे संभाषण सोडून बाहेर येण्याची त्याची घाई. साइटवरचे बोलणे नोंद राहते, तक्रार करता येते. तो पहिल्याच वाक्यात व्हॉट्सॲपचा आग्रह धरत असेल तर त्याला ती नोंद नको आहे.

आणि एक सोपी चाचणी : 'मी उद्या बघून कळवतो' म्हणा. प्रामाणिक माणूस उद्या पुन्हा विचारतो.

फसवणूक झाली. आता पहिल्यांदा काय?

बँकेला फोन, आत्ता. नंबर कार्डाच्या मागचा किंवा बँकेच्या ॲपमधला घ्या. इंटरनेटवर शोधलेला नको, कारण तिथे नकली 'ग्राहक सेवा' क्रमांक पेरलेले असतात. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात. ते मध्येच अडवले जाण्याची शक्यता पहिल्या तासांतच जास्त असते. भारतात १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. अमेरिकेत त्यासाठी एफबीआय या तपास यंत्रणेचे आयसी३ हे तक्रार केंद्र आहे. इतरत्र पोलिसांकडे जा आणि नोंदीचा क्रमांक घ्या, बँक तो मागते.

त्यानंतर पासवर्ड आणि पिन बदला. स्क्रीन दाखवणारे ॲप टाकले असेल तर आधी इंटरनेट बंद करून ते काढा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. भामट्याशी झालेले संभाषण रागाने पुसू नका, त्याला धमक्याही देऊ नका. नंबर, खाते, वेळा, स्क्रीनशॉट असे सगळे जपून ठेवा.

काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो : 'तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडे शुल्क भरा.' फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि हा त्या यादीवरूनच आलेला असतो. पोलीस किंवा बँक पैसे परत देण्यासाठी आगाऊ शुल्क मागत नाहीत.

व्यवहार सुरळीत झाला. कागदपत्रे किती दिवस ठेवायची?

ज्या मार्गाने पैसे आले त्या मार्गावर वाद काढायची मुदत संपेपर्यंत. कार्डासाठी किमान चार महिने, पेपालसाठी किमान सहा. त्यात जाहिरातीची प्रत, संभाषण, पॅकिंगचा व्हिडिओ आणि कुरिअरची पोच एवढे असले तरी पुरते. साइटवरची जाहिरात वस्तू विकल्यावर काही दिवसांनी नाहीशी होऊ शकते, म्हणून तिचा स्क्रीनशॉट विक्रीच्या दिवशीच घेऊन ठेवा.